खोलीत माणूस नको

सुलक्षणा मेस्त्रीचे कान फार तिखट. विक्रोळीच्या कन्नमवारनगरात दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या जागेत ती आणि तिचे वडील राहतात. शेजारच्या घरातला पंखा कधीपासून कुरकुरायला लागला, हे ती शेजाऱ्यांच्या आधी सांगते. वय त्रेचाळीस. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणारे नातेवाईक आता दमलेत. एकोणीस वर्षं ती मालिकांचं एडिटिंग करते. आधी अंधेरीला एका स्टुडिओत जायची, लॉकडाऊनपासून घरूनच करते. तुम्ही संध्याकाळी टीव्हीसमोर बसत असाल, तर तिनं कापलेलं काहीतरी तुम्ही नक्की पाहिलंय. फक्त ते कापलंय हे तुम्हाला कळलं नसेल, आणि तिच्या धंद्यात चांगलं काम म्हणतात ते यालाच.

हे काम तिला कुणी शिकवलं नाही. परदेशातले एडिटर एकमेकांच्या अडचणी सोडवायला इंटरनेटवर जिथे जमतात, तिथे ती शेजारी डिक्शनरी ठेवून वाचत बसायची. विचारलेला प्रश्न अडाणी असला तरी तिकडचा कुणीतरी अनोळखी म्हातारा दोन पानं भरून उत्तर लिहायचा. याचं तिला इतकं अप्रूप वाटलं, की २०१३ साली तिनं मराठीत तसाच एक ग्रुप काढला. नाव ठेवलं 'कापाकापी'. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतचे, पुढे कोल्हापूर-नांदेडचेही, लग्नाच्या व्हिडिओवाल्यांपासून सिनेमावाल्यांपर्यंत अकराशे लोक त्यात जमले. कुणाचा प्रोजेक्ट उघडत नाही, कुणाचा आवाज चित्राच्या पुढे पळतोय, की सुलाताई हजर. उत्तर द्यायची आणि वर झापायची. लोकांना दोन्हीची सवय झाली.

त्या ग्रुपची सगळ्यात नावाजलेली चीज म्हणजे शांततेची बँक. ही काय भानगड आहे ते सांगतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. एखाद्या नटाचा चुकलेला शब्द कापून काढला, की तिथे आवाजाचं भोक पडतं आणि बघणाऱ्याला क्षणभर कानात दडा बसल्यासारखं होतं. त्या भोकात त्याच खोलीची, नाहीतर तसल्याच खोलीची शांतता भरावी लागते. म्हणून शूटिंग संपल्यावर सगळ्यांनी तीस सेकंद गप्प उभं राहून ती रेकॉर्ड करायची असते. पण आपल्याकडे पॅकअप म्हटल्यावर तीस सेकंद गप्प कोण राहतो? तेव्हा सुलक्षणानं ठरवलं, आपणच साठवू. लोक आपापल्या घरांच्या, जिन्यांच्या, दवाखान्यांच्या, देवळांच्या शांतता चढवायला लागले, आणि सगळ्यात जास्त भर तिनं स्वतः घातली. 'कन्नमवारनगर, दुपार, पंखा बंद.' 'कन्नमवारनगर, सकाळ, खिडकी उघडी.' त्यासाठी ती फ्रीजसुद्धा बंद करायची आणि मग चालू करायला विसरायची. दोन वेळा दूध नासलं.

या शांततेला घरात एकच शत्रू होता, आणि तो म्हणजे तिचे आबा.

धोंडू मेस्त्री मूळचे कणकवलीकडचे. विक्रोळीच्याच एका कारखान्यात लेथवर एकतीस वर्षं काढलेली. यंत्रांच्या वर आवाज काढून बोलायची सवय लागलेली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. ते कोथिंबीर घ्यायला खाली उतरले की भाव चौथ्या मजल्याला कळायचा. बायको गेल्यावर तर त्यांच्या तोंडाचा पट्टा जास्तच सुटला, कारण ऐकायला एक माणूस कमी झालं होतं आणि ती कसर लेकीकडून भरून घ्यायची होती. सुलक्षणानं माईक लावला, बोट ओठांवर ठेवलं, की ते खाटेवर मांडी घालून डोळे मिटून बसत. पण वीस सेकंदांच्या वर काही त्यांच्याच्यानं राहवायचं नाही. हळूच विचारायचे, "झाला काय गो?"

सुरुवातीला ती हे सगळं जसंच्या तसं बँकेत चढवायची. ज्याला हवा त्यानं हवा तेवढा तुकडा घ्यावा. मग २०२२ मध्ये तो प्रकार घडला. एका मालिकेतले सासरे वारले. अंगणात देह ठेवलेला, सगळं घर सुन्न. एडिटर होता मुलुंडचा केयूर. भला माणूस, पण घाईचा. त्यानं त्या सुन्नपणाखाली कन्नमवारनगरची दुपार अंथरली आणि पुरत नाही म्हणून तीच दोनदा लावली. एपिसोड लागला तेव्हा मयत दोनदा खोकलं.

खोकला फाइलमधल्या आबांचा होता. महाराष्ट्र हसला. चॅनलनं केयूरला उभा-आडवा घेतला. आणि सुलक्षणानं रविवारचा पूर्ण दिवस बसून सगळी बँक धुऊन काढली. खोकला, खाकरणं, 'झाला काय', बांगड्या, चपला, माणसाची एकूण एक खूण. संध्याकाळी ग्रुपवर नियम टाकला, की खोलीत माणूस नको. जुन्या फाइली सगळ्यांनी आपापल्या डिस्कवरून उडवायच्या, नव्या घ्यायच्या आणि खाली 'उडवली' असं लिहायचं. जो लिहिणार नाही तो ग्रुपबाहेर. दोनशे बारा लोकांनी लिहिलं. तिनं स्वतःकडच्याही उडवल्या. डिस्कवर कचरा ठेवणं म्हणजे तिला उष्टी भांडी तशीच ठेवून झोपण्यासारखं वाटायचं.

त्यानंतर पाच महिन्यांनी आबांचा आवाज गेला. घसा बसलाय, बसलाय म्हणता म्हणता एका सकाळी श्वासच घेता येईना. हॉस्पिटलात त्याच दिवशी गळ्याला भोक पाडून नळी घातली, आणि आठवड्याभरात डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्रात गाठ आहे, अख्खं काढावं लागेल. घसा कधीपासून असा आहे, असं त्यांनी विचारलं. सुलक्षणा म्हणाली, महिना झाला असेल.

ऑपरेशन नीट झालं. माणूस वाचला, हे खरंच फार झालं. पण ज्या घरात भिंतींना कान झाकावेसे वाटायचे, तिथे आता गळ्यातल्या भोकातून ये-जा करणाऱ्या श्वासाचा तेवढा आवाज उरला. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र आणलं. त्यातून निघणारा घरघराट ऐकून शेजारचं पोर भोकाड पसरायला लागलं. आबांनी ते कपाटात ठेवलं ते ठेवलंच. वही-पेन्सिल घेतली. शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळे अक्षर मोठं आणि सावकाश. जो माणूस एका दमात वीस वाक्यं बोलायचा, त्याचं एक वाक्य लिहून होईपर्यंत समोरच्याचं लक्ष दुसरीकडे जायचं. हळूहळू ते लिहीनासे झाले.

सगळ्यात वाईट झालं ते प्रेमाक्काचं. आबांची थोरली बहीण, गावी असते, वय ब्याऐंशी. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. म्हणजे आबांना बोलता येत नाही आणि अक्काला वाचता येत नाही, आणि मध्ये फक्त फोन. दर रविवारी अक्का फोनवर गावातली सगळी खबर सांगते आणि मधून मधून विचारते, "आयकतंस मां?" आबा पेन्सिलीनं फोनवर टकटक करतात. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. तीन वर्षं भावाबहिणीचं बोलणं असं चाललंय. सुलक्षणा त्या वेळी मुद्दाम हेडफोन लावून बसते. तिला ते ऐकवत नाही.

यंदाच्या मे महिन्यात ग्रुपवर बोरिवलीच्या श्वेतानं एक नवं सॉफ्टवेअर टाकलं. श्वेता डबिंगची कामं करते. तीस सेकंदांचा स्वच्छ आवाज द्या, तेवढ्यावरून ते त्या माणसाचा आवाज तयार करतं, आणि मग आपण टाइप करू ते त्या आवाजात बोलतं. लोकांनी नटांच्या पोटापाण्याची चिंता केली, भांडणं झाली, तो ग्रुपचा रिवाजच आहे. श्वेतानं सुलक्षणाला मात्र वेगळा फोन केला आणि म्हणाली, ताई, आबांचं करू या ना. फक्त तीस सेकंद हवीत.

सुलक्षणानं हे आबांना लगेच सांगायला नको होतं. पण तिला राहवलं नाही. बाप तिचा, आणि स्वभावही त्यांचाच. आबांनी दुसऱ्या दिवशी वहीचं कोरं पान काढलं आणि अक्काशी काय काय बोलायचं ते लिहायला घेतलं. पहिल्या दिवशी चार ओळी झाल्या, आठवड्यात दोन पानं. आंब्याच्या कलमाचं काय केलं. आईच्या वर्षश्राद्धाला मी आलो नाही, त्याचा राग धरू नको. पान वर धरून ते लेकीला दाखवायचे आणि भुवया उडवायचे, कधी, असं.

मग शोध सुरू झाला. तुम्ही म्हणाल, हल्ली कुणाचा आवाज सापडणार नाही? सुलक्षणालाही तसंच वाटलं होतं. आबांकडे आयुष्यभर बटणांचा फोन, त्यामुळे व्हॉइस मेसेज नाहीत. सुलक्षणाच्या धाकट्या भावाच्या, राजेशच्या लग्नाच्या व्हिडिओत आबा मांडवभर बोलत फिरताना दिसतात, तोंड सारखं हलतंय, पण वर पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई आणि सिनेमाची गाणी. व्हिडिओवाल्यानं मूळ आवाज काढून टाकलेला. याच धंद्यातला माणूस तो, त्याला बोलणार काय. गणपतीच्या एका व्हिडिओत आरतीच्या गोंगाटात सहा सेकंद सापडली. श्वेतानं ती घासूनपुसून त्यांचा आवाज बनवून पाहिला. रविवारी अक्काला फोन लावून ऐकवला. मग अक्का परक्या माणसाशी बोलावं तशी अदबीनं म्हणाली, "आपण कोण बोलतास?"

आबांनी फोन लेकीच्या हातात दिला आणि ते आतल्या खोलीत गेले.

तेव्हा सुलक्षणानं ग्रुपवर लिहिलं. अकरा-बारा वर्षांत तिनं तिथे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. तिनं लिहिलं की बँकेतल्या माझ्या घरच्या जुन्या फाइली, न धुतलेल्या, कुणाकडे असतील तर द्या. त्यात माझ्या वडिलांचा आवाज आहे. मला तीस सेकंद हवीत.

उत्तरं यायला लागली, आणि ती वाचणं म्हणजे शिक्षा होती. 'ताई, तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी उडवली.' 'सॉरी ताई, उडवली.' 'बॅकअपमधूनही काढली होती ताई, तुमचा नियम.' लोकांनी जुन्या डिस्का काढल्या, बंद पडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करून पाहिले. एकानं नांदेडहून आपल्या वारलेल्या वडिलांच्या खोलीची शांतता पाठवली, काहीतरी पाठवावंसं वाटलं म्हणून. दोनशे बारा माणसांनी तिचा शब्द पाळला होता. तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपलं कुणी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

एकानं मयताच्या एपिसोडमधला तो खोकला तेवढा काढून पाठवला. सुलक्षणानं तो हेडफोनवर ऐकला. कोरडा, खरखरीत, शेवटी आवाज चिरकणारा. मग तिनं आपली नोंदवही काढली. धुतलेल्या प्रत्येक फाइलपुढे ती रेकॉर्ड केल्याची तारीख आणि काय कापलं ते लिहायची तिची पद्धत होती. खाकरणं, कापलं. खोकला, कापला. खाकरणं दोनदा, कापलं. तिनं मागे मागे जात महिने मोजले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती महिना म्हणाली होती. वहीत सतरा महिने होते. सतरा महिने बापाचा बिघडत चाललेला घसा तिच्या कानात, इतक्या चांगल्या हेडफोनमधून वाजत होता, आणि तिला त्यात फक्त कचरा ऐकू आला. असे कान काय कामाचे, असं तिला वाटलं, आणि ती टेबलावर डोकं ठेवून रडली. आबा खाटेवरून उठून आले, पाठीवर हात ठेवून उभे राहिले. का रडतेस, हे त्यांना विचारता येत नव्हतं, आणि तिला सांगवत नव्हतं.

जुलैतल्या एका दुपारी केयूरचा फोन आला. आवाज खाली गेलेला. म्हणाला, ताई, रागावू नका, मी तेव्हा खोटं लिहिलं होतं. "मी कधीच काही उडवत नाही ताई. माझ्याकडे सगळं पडलेलं असतं. तुम्ही झापाल म्हणून आजवर बोललो नाही." बाकीच्या फाइली होत्या ती डिस्क मध्यंतरी जळाली होती. पण एका पेनड्राइव्हवर एक राहिली होती, २०१८ ची, मूळ, न कापलेली. "चार मिनिटं दहा सेकंद आहे," तो म्हणाला. "मी ऐकली नाही. तुमच्या घरातलं आहे, तुम्हीच ऐका."

चार मिनिटं. सुलक्षणानं आबांना हाक मारली. त्यांना शेजारी खुर्ची दिली, हेडफोन बाजूला ठेवले आणि मोठे स्पीकर लावले. आबांनी येताना वही आणली. त्यातली दोन पानं आता पाच झाली होती.

आधी खोली ऐकू आली. लांबवर कावळा, खाली कुणीतरी बादली सरकवली. वीसेक सेकंदांनी आबांचा आवाज आला, मोकळा, खणखणीत, लेथच्या वर जाणारा.

"झाला काय गो?"

खुर्चीतले आबा दचकले. तीन वर्षांनी स्वतःला ऐकत होते. आवाज पुढे म्हणाला, "आगो सुला, आज काय झाला ठावक आसा? मी टेसनाजवळ गेल्लंय, थंय एक बाई..." आणि बोलता बोलता स्वतःच हसला. ते पोटातून येणारं हसू सुलक्षणा पार विसरून गेली होती. तिनं आबांचा हात धरला. तिला वाटलं, आता ही पूर्ण गोष्ट येणार. तीन-साडेतीन मिनिटांची गोष्ट, आणि आपल्याला हवीत फक्त तीस सेकंद.

मग स्पीकरमधून तिचा स्वतःचा आवाज आला. माईकच्या जवळचा, म्हणून मोठा, आबांच्या शब्दांवर चढलेला.

"आबा, किती वेळा सांगायचं? जरा वेळ गप्प बसता येत नाही का तुम्हाला? पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं गप्प बसा ना."

मग आबा, खालच्या आवाजात.

"बरा. गप रवतंय."

आणि नंतर खोली. फक्त खोली. सुलक्षणा पडद्यावर आवाजाची सरळ रेघ बघत राहिली. एक मिनिट झालं, दोन झाली. खाट कुरकुरली नाही, कुणी खाकरलं नाही. लेक म्हणाली म्हणून आबा तिथे बसून गप्प राहिले होते, आणि तिनं आजवर साठवलेल्या सगळ्या शांततांमध्ये इतकी चांगली एकही नव्हती. तीन मिनिटांच्या वर ती चालली. तिनं बंद करायला हात पुढे केला, तेव्हा आबांनी तो अडवला. अजून आपण काही बोलू, असं त्यांना वाटत होतं. कान पुढे करून ते शेवटच्या सेकंदापर्यंत वाट बघत बसले.

फाइल संपली. तिनं हिशोब केला, कारण हात दुसरं काही करायला तयार नव्हते. नुसता आबांचा, तिचा आवाज वर न चढलेला भाग, नऊ सेकंद. गणपतीच्या सहा सेकंदांतून काय निघालं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. आबांनी मांडीवरची वही मिटली.

मग सुलक्षणानं विचारलं, "आबा, त्या दिवशी काय सांगत होता तुम्ही? स्टेशनजवळ ती बाई... काय झालं होतं?"

आबांनी वही पुन्हा उघडली, पेन्सिल घेतली. तिला वाटलं, आता लिहितील. कितीही वेळ लागू दे, ती थांबणार होती. आबा डोळे बारीक करून खिडकीकडे बघत राहिले. मनात स्टेशनापर्यंत जाऊन आले असावेत. मग त्यांनी मान खाली घातली, सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं आणि वही तिच्याकडे फिरवली.

'आता नाय आठवत.'